‘काउपो’: रोमन खानावळवाला उत्तर युरोपच्या बाजारात कसा पोचला?

अटकमटक

इंग्रजीतला ‘चीप’, जर्मनमधला ‘काउफन’, डचमधला ‘कोपन’, स्वीडिशमधला ‘श्योपा’, कोपनहेगनमधला ‘कोपन’ आणि २००८ साली बुडालेल्या आइसलँडच्या काउपथिंग बँकेतला ‘काउप’ ही सगळी एकाच घरची मंडळी. मूळपुरुष लॅटिन ‘काउपो’. ‘चीप’ म्हणजे स्वस्त, ‘काउफन’ म्हणजे विकत घेणे, आइसलँडिक ‘काउप’ म्हणजे खरेदी आणि पगारसुद्धा. एका शब्दाची इतकी पांगापांग मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही, म्हणून हा धागा.

आधी मूळपुरुषाची ओळख. रोममध्ये व्यापाऱ्यांच्या पायऱ्या होत्या. जहाज भरून माल आणणारा तो ‘मर्कातोर’. मोठ्या रकमा खेळवणारा तो ‘नेगोतियातोर’. आणि रस्त्याकडेला चार बाकं टाकून वाइन, जेवण, झोपायला जागा आणि जोडीला किरकोळ सामान विकणारा तो ‘काउपो’. त्याच्या दुकानाला ‘काउपोना’ म्हणत. पाँपेईत साल्व्हियसची म्हणून ओळखली जाणारी अशी एक काउपोना सापडली आहे. तिच्या भिंतीवरच्या चित्रांत गिऱ्हाइकं प्यायला मागताहेत, फाशांवरून भांडताहेत आणि शेवटी मालक त्यांना बाहेर काढतोय.

याला समाजात मान शून्य. कवी होरेस ब्रिंदिसीच्या प्रवासाचं वर्णन करताना एका मुक्कामाबद्दल लिहितो की गाव नावाड्यांनी आणि लबाड काउपोंनी नुसतं भरलं होतं. त्याहून जुना रोमन कवी एन्नियस. त्याच्या काव्यात रोमवर चालून आलेला ग्रीक राजा पिऱ्हस रोमनांना सुनावतो की आपण युद्धाची घासाघीस करायला बसलेलो नाही, युद्ध करायला आलोत. ती ओळ सिसेरोने उद्धृत केल्यामुळे वाचली, आणि तिथे ‘घासाघीस’साठी क्रियापद आहे ते काउपोवरूनच केलेलं. म्हणजे हा शब्द लॅटिनमध्ये जवळजवळ शिवीच होता.

आता ऱ्हाइनच्या काठावर या. मधे नदी, अलीकडे रोमन सैन्याच्या छावण्या: आजचं झांटन, कोलोन, माइन्झ. प्रत्येक मोठ्या छावणीबाहेर झोपड्या, दुकानं, गुत्ते यांची वस्ती उभी राहायची. पगार झाला की सैनिक तिथेच. नदीपलीकडचे जर्मानिक लोकही (आजच्या जर्मन, डच, इंग्रजी, स्कँडिनेव्हियन भाषांचे पूर्वज बोलणारे) तिथेच यायचे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये जर्मानियाबद्दल लिहिलं त्यात दोन बारकावे आहेत. नदीकाठचे लोक वाइन विकत घेतात. आणि सरहद्दीलगतचे लोक नाण्यांना ओळखतात, त्यातही कडेला दाते असलेली जुनी चांदीची नाणीच पसंत करतात, तर आतल्या भागात अजून वस्तूला वस्तू देतात. त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी सीझरने सुएबी टोळ्यांबद्दल लिहिलं होतं की ते वाइन आत येऊच देत नाहीत, आणि व्यापाऱ्यांना थारा देतात तो मुख्यतः लुटीचा माल खपवायला. दीडशे वर्षांत नदीकाठ बराच बदललेला दिसतो.

या लोकांना रोमन सिनेटर कधी दिसला नसेल, जहाजमालक मर्कातोरही क्वचितच. रोज दिसला तो गुत्तेवाला. म्हणून व्यापाराचा शब्द त्यांनी उचलला तो त्याच्या नावावरून, असं माझं म्हणणं. सोबत आलेल्या शब्दांची यादी बघा: वाइन, चीज, केटल, सॅक, पाउंड, नाणी पाडणारी मिंट. सगळा माल एका टपरीतला वाटतो की नाही?

जुन्या जर्मनमध्ये ‘कोउफो’ म्हणजे व्यापारी असा शब्द मिळतोच. त्यातला लबाडीचा वास मात्र नदी ओलांडताना धुऊन गेला.

जर्मन, डच, स्कँडिनेव्हियात राहणाऱ्यांनी भर घालावी.

रानजाई

ताई, मस्त धागा. वाचनखूण साठवली. पण एक शंका. जर्मनमध्ये ‘फ’, डचमध्ये ‘प’, इंग्रजीत सुरुवातीलाच ‘च’. हे एकाच शब्दाचे अवतार आहेत हे कशावरून? नुसतं साम्य दिसतं म्हणून म्हणायचं असेल तर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज अशा व्युत्पत्त्या येतात.

खडूस आजोबा

रानजाई, शंका रास्त आहे, आणि उत्तर पक्कं आहे. हे बदल लहरीने होत नाहीत, रांगेत होतात.

साधारण सहाव्या-सातव्या शतकात दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये स्वरानंतरचा ‘प’ घसरून ‘फ’ झाला. इंग्रजी ‘शिप’, जर्मन ‘शिफ’. इंग्रजी ‘एप’, जर्मन ‘आफ’. लॅटिन ‘पिपेर’चं इंग्रजीत ‘पेपर’, जर्मनमध्ये ‘फेफर’, म्हणजे आपली मिरी. त्याच रांगेत ‘कोपन’ आणि ‘काउफन’. डच आणि उत्तर जर्मनीची सखल प्रदेशातली बोली या बदलातून सुटली, म्हणून तिथे ‘प’ शाबूत. यावरून काळही ठरतो: हा बदल व्हायच्या आधीच शब्द आलेला असला पाहिजे. उशिरा आलेल्या ‘पापिअर’ या कागदाच्या शब्दाला जर्मनने हात लावलेला नाही.

इंग्रजीचं वेगळं. तिथे ‘आउ’ हा स्वर पुढे सरकून ‘एअ’सारखा झाला आणि पुढच्या स्वराच्या ओढीने ‘क’चा ‘च’ झाला. जर्मन ‘केझ’, इंग्रजी ‘चीझ’. जर्मन ‘किर्श’, म्हणजे चेरी. तो वेगळा, त्याला यात ओढू नका. पण जर्मन ‘किन’, इंग्रजी ‘चिन’ हे चालेल. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘चमचा’ म्हणा आणि ‘चमचे’ म्हणा. दुसऱ्यातला ‘च’ ‘ए’च्या ओढीने टाळूकडे सरकतो. आणि संस्कृतात ‘कृ’चं भूतकाळी ‘चकार’ का होतं? तिथेही पूर्वी ‘क’नंतर ‘ए’ होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’ होऊन बसला. इंग्रजांनी हीच करामत कितीतरी शतकांनी केली.

तिरपागडा

सगळं लॅटिनवर नेऊन का थांबता? ‘कपर्दिका’ म्हणजे कवडी. कवडी म्हणजे प्राचीन चलन. ‘कपर्द’ वरून ‘काउपो’. कवडीमोल म्हणजे चीप! अर्थसुद्धा जुळतो. पण पाश्चात्त्य विद्वान हे सांगणार नाहीत.

पिंपळपान

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूस आजोबा

तिरपागडा, ‘कपर्द’मधला ‘र्द’ कुठे गेला? आणि कवडीचा खानावळवाला कसा झाला, मधला एक तरी पुरावा द्या.

उलट संस्कृतात खरेदीचा खरा जुना धातू आहे तो ‘क्री’. क्रय, विक्रय, क्रीत. त्याचे भाऊबंद ग्रीकमध्ये आहेत, जुन्या आयरिशमध्ये आहेत, मध्य आशियातल्या तोखारी भाषेतही आहेत. जर्मानिक भाषांत मात्र त्याचा मागमूस नाही. तिथे तो हरवला आणि त्यांना दुसऱ्या शब्दांवर भागवावं लागलं.

शिवाय ‘काउपो’ जर मूळ घरातूनच, म्हणजे संस्कृत, लॅटिन आणि जर्मानिक यांच्या समान पूर्वज भाषेतून, वारशाने आला असता तर जर्मानिकमध्ये सुरुवातीचा ‘क’ टिकलाच नसता, ‘ह’ झाला असता. लॅटिन ‘कोर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’. लॅटिन ‘केन्तुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’. लॅटिन ‘कानिस’, इंग्रजी ‘हाउंड’. इथे ‘क’ जसाच्या तसा आहे, म्हणजे तो बदल होऊन गेल्यावर शब्द बाहेरून आला. लॅटिनमध्ये तो कुठून आला हा प्रश्न मात्र खुला आहे. ग्रीकमध्ये ‘कापेलोस’ म्हणजे किरकोळ दुकानदार असा शब्द आहे. दोघांनी तो भूमध्य समुद्राकाठच्या तिसऱ्याच कुठल्या भाषेतून घेतला असावा असं काही जणांना वाटतं.

माल्मोकर

स्वीडनकडून हजेरी.

इथे ‘क’च्या पुढे ‘इ’, ‘ए’, ‘अ्यो’ असे स्वर आले की ‘क’चा ‘श’ होतो. म्हणून स्पेलिंगमध्ये ‘क’ असलेलं ‘लिनकोपिंग’ प्रत्यक्षात ‘लिनश्योपिंग’. नवीन आलेले आपले विद्यार्थी पहिले काही महिने ‘लिंकोपिंग’ म्हणतात आणि तिकीट खिडकीवरची बाई त्यांना अत्यंत शांत चेहऱ्याने बरोबर उच्चार ऐकवते. बरेच जण समजतात की ‘श्योपिंग’ म्हणजे शॉपिंग. अर्थ जवळचा, नातं शून्य. इंग्रजी ‘शॉप’ वेगळ्या मुळाचा, अस्सल जर्मानिक, टपरी-छपरी या अर्थाचा.

या ‘श्योपिंग’चा अर्थ बाजारपेठेचं गाव. नकाशा उघडा: लिनश्योपिंग, नॉरश्योपिंग, सॉदरश्योपिंग, यॉनश्योपिंग, एनश्योपिंग, लीदश्योपिंग, फालश्योपिंग. नीश्योपिंग म्हणजे नवी बाजारपेठ. नॉर आणि सॉदर म्हणजे उत्तर आणि दक्षिण. एका गावाचं तर नावच नुसतं ‘श्योपिंग’ आहे. आपल्याकडे ‘पेठ’ जसं गावांच्या आणि वस्त्यांच्या नावाला चिकटलंय तसंच, फक्त आपण पेठेला वार जोडले.

‘श्योपिंग’ हा सरकारी दर्जासुद्धा होता, खेडं आणि शहर यांच्या मधला. १९७१च्या स्थानिक स्वराज्य सुधारणेत तो गेला. गावांची नावं राहिली.

अवांतर: यॉनश्योपिंग हे आगपेट्यांचं गाव. सेफ्टी काडेपेटी जगभर गेली ती तिथून. ज्या स्वीडिश काडेपेटी कंपनीत तिथला कारखाना विलीन झाला, तिनेच १९२३ साली भारतात ‘विम्को’ काढली, आणि विम्कोचा कारखाना होता आपल्या अंबरनाथला. तेव्हा ज्यांच्या घरी अंबरनाथची आगपेटी असायची त्यांचं या धाग्याशी अगदीच काही नातं नाही असं नाही.

रानजाई

माल्मोकर, हसून हसून पुरेवाट. तिकीट खिडकीवरची बाई डोळ्यांसमोर आली.

आजोबा, शंका मिटली. पण मग इंग्रजीत ‘बाय’ कसा? सगळे शेजारी ‘काउफन’, ‘कोपन’, ‘श्योपा’ म्हणत असताना इंग्रज ‘बाय’ आणि ‘सेल’ का म्हणतात?

अटकमटक

छान प्रश्न. ‘बाय’ हा जुना जर्मानिक शब्द. गॉथिकमध्येही, म्हणजे गॉथ लोकांच्या जुन्या जर्मानिक भाषेतही, तो होता, ‘बुग्यान’. जर्मन आणि डच यांनी तो टाकला आणि काउपोचा शब्द सर्रास वापरायला घेतला. इंग्रजांनी ‘बाय’ ठेवला आणि काउपोच्या शब्दाला बाजूच्या खोलीत पाठवलं.

‘सेल’चा मूळ अर्थ नुसता ‘देणे’. गॉथिकमध्ये तोच शब्द देवाला बळी अर्पण करण्यासाठी यायचा. देवाला देणं ते गिऱ्हाइकाला देणं असा प्रवास. स्कँडिनेव्हियन लोकांनीही विकण्यासाठी हाच शब्द ठेवला. जर्मन आणि डच मात्र विकायलाही काउपोलाच कामाला लावतात, पुढे एक उपसर्ग लावून: ‘फेरकाउफन’, ‘फेरकोपन’. आपण ‘क्रय’ला ‘वि’ लावून ‘विक्रय’ करतो तसंच.

इंग्रजीत जुन्या काळी ‘चेआप’ म्हणजे सौदा, किंमत, बाजार आणि गुरंढोरंसुद्धा. लंडनमधला चीपसाइड म्हणजे स्वस्त बाजू नव्हे, बाजाराचा रस्ता. आजूबाजूच्या गल्ल्यांची नावं बघा, ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, पोल्ट्री. जिथे जे विकलं जाई तेच नाव, आपल्या बोहरी आळी, तांबट आळीसारखं. चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्डन या गावांतलं ‘चिपिंग’ म्हणजे माल्मोकरांच्या ‘श्योपिंग’चं सख्खं चुलत भावंड. वेल्सच्या सीमेवरचं चेपस्टो म्हणजे बाजाराची जागा.

मग स्वस्त हा अर्थ कुठून आला? मध्ययुगीन इंग्रजीत ‘गुड चीप’ असं म्हणायचे, चांगला सौदा. फ्रेंच ‘बाँ मार्शे’ म्हणतात त्याच धर्तीवर. सोळाव्या शतकात ‘गुड’ गळून पडलं आणि एकट्या ‘चीप’वर अर्थाचा भार आला. पुढे स्वस्ताचं हलकं झालं, हलक्याचं भिकार. डच लोकांनी मात्र ते ‘गुड’ टाकलं नाही. त्यांच्याकडे स्वस्त म्हणजे आजही ‘खुतकोप’, अक्षरशः चांगली खरेदी. म्हणूनच डच माणूस ‘खुतकोप’ म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान असतो आणि इंग्रज ‘चीप’ म्हणतो तेव्हा नाक मुरडलेलं असतं, असं मला नेहमी वाटतं. (डचांना चिक्कू म्हणणाऱ्यांनी इथे येऊ नये.)

वेंगुर्लेकर

काय सांगतास! ‘कोपमन’ हा शब्द तर आमच्या वेंगुर्ल्याच्या ओळखीचा.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांची उतरंड अशी होती: ‘असिस्टंट’, त्यावर ‘ओंडरकोपमन’ म्हणजे धाकटा व्यापारी, मग ‘कोपमन’, मग ‘ओपरकोपमन’ म्हणजे थोरला व्यापारी. हा ‘कोपमन’ म्हणजे तुमच्या काउपोचाच पणतू. सतराव्या शतकात कंपनीची वखार वेंगुर्ल्यात होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करायला डचांची जहाजं यायची, त्यांना दाणापाणी पुरवायला वेंगुर्ला सोयीचं पडायचं. सुरतेलाही त्यांची वखार होती.

तुम्ही वर म्हणालात की लॅटिनमध्ये हा शब्द शिवी होता. इथे बघा, त्याच शब्दाची पगारी हुद्द्याची पायरी झाली आणि त्या माणसाच्या हाताखाली तोफा होत्या.

अटकमटक

वेंगुर्लेकर, दंडवत. हेच मला म्हणायचं होतं. पूर्वेला आणि उत्तरेला हा शब्द वर चढत गेला. जर्मन ‘काउफमान’ म्हणजे प्रतिष्ठित व्यापारी, डेन्मार्कमध्ये ‘क्योबमान’ म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, पण भला माणूस. इंग्लंडमध्ये तोच शब्द ‘चॅपमन’ झाला आणि पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार फिरणारा फेरीवाला झाला. त्यातून कापून ‘चॅप’. आधी अर्थ गिऱ्हाईक, मग अठराव्या शतकात नुसता ‘गडी’, ‘प्राणी’. आपणही ‘आज चांगलं गिऱ्हाईक सापडलं’ म्हणतो तेव्हा गिऱ्हाईक काही विकत घ्यायला आलेलं नसतं.

कोपनहेगनची गंमत सांगायची राहिली. मुळात गावाचं नाव नुसतं ‘हाउन’, बंदर. ११६७च्या सुमारास बिशप आब्सालोनने तिथे किल्ला बांधला आणि गाव वाढलं. पुढे ते ‘क्योबमान’ लोकांचं हाउन झालं. डेन्मार्कचा इतिहासकार साक्सो लॅटिनमध्ये लिहायचा. त्याने हे नाव लॅटिनमध्ये नेताना लिहिलं ‘पोर्तुस मर्कातोरुम’. म्हणजे शब्द मूळ माहेरी परत नेला आणि तिथे काउपोंचं बंदर म्हणायची त्याला सोय नव्हती. खानावळवाल्यांचं बंदर झालं असतं! मर्कातोर वापरून इज्जत राखली.

खडूस आजोबा

आता थोडा विरोध करतो. तुम्ही शीर्षकात आणि पहिल्या लेखात असं सूचित करताय की या लोकांना व्यापार रोमन गुत्तेवाल्याने शिकवला. हे मला मान्य नाही.

बाल्टिक समुद्रकाठचं अंबर (दागिन्यांत वापरतात ती पिवळसर राळ) रोमन साम्राज्याच्याही आधी दक्षिणेला जात होतं. ‘बुग्यान’ होता, म्हणजे विकत घेण्याची कल्पना होती. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये नेलं तेव्हा त्याच्या हाताशी दोन्ही शब्द होते. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात मालक दहा नोकरांना पैसे देतो आणि म्हणतो, मी येईपर्यंत यावर धंदा करा. तिथे वुल्फिलाने काउपोवरचं क्रियापद वापरलं. ‘खरेदी करा’ नव्हे, ‘धंदा करा’, पैशाने पैसा वाढवा. साध्या खरेदीसाठी त्याच्याकडे ‘बुग्यान’ आहेच. हे पान आज स्वीडनमध्ये उपसालाच्या विद्यापीठात आहे, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईत लिहिलेल्या त्या प्रसिद्ध हस्तलिखितात.

तेव्हा शब्द उसना घेतला म्हणजे गोष्टही उसनी घेतली असं सरळ होत नाही. आपण ‘खरेदी’ आणि ‘बाजार’ फारसीतून घेतले. म्हणून सातवाहनांच्या काळात जुन्नरला आणि पैठणला बाजार नव्हता का?

अटकमटक

आजोबा, जुन्नरचा मुद्दा बिनतोड. पण वुल्फिलाचा दाखला मला तुमच्यापेक्षा माझ्या बाजूचा वाटतो. ‘बुग्यान’ असूनही दुसरा शब्द लागला, कारण दुसरं काहीतरी दाखवायचं होतं: नाणं, भाव, घासाघीस, नफा. ती सवय अंबरवाल्यांकडे होती की नाही हे शब्दावरून कळत नाही, पण नदीकाठच्या लोकांनी तिला गुत्तेवाल्याचं नाव दिलं एवढं तर दिसतं. शिकवली म्हणा, लावली म्हणा.

खडूस आजोबा

‘लावली’ चालेल. सवय लावणं हे गुत्तेवाल्याचंच काम.

नीलमोहर

आइसलँडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

इथे ‘काउप’ (उच्चार ‘कोय्प’च्या जवळ) म्हणजे सौदा. आणि पगार म्हणजेही ‘काउप’, कारण पगार म्हणजे तुमच्या श्रमाचा ठरलेला सौदा. सगळ्यात भारी म्हणजे लग्नाला इथे ‘ब्रुदकाउप’ म्हणतात, वधूचा सौदा. लग्नाआधीच्या मालमत्तेच्या कराराला ‘काउपमाउली’. आधुनिक आइसलँडमध्ये स्त्री-पुरुष समानतेचे गोडवे गातात आणि लग्नपत्रिकेवर मात्र हा शब्द. डेन्मार्क-स्वीडनमध्येही लग्नाचे शब्द दिसायला याच्याजवळचे आहेत, पण त्यांत ‘काउप’ नाही. तिथे मूळ आहे वधूची ‘धाव’, म्हणजे तिची वरात.

वाचून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना आठवण: आपल्या जुन्या मराठीत मुलीच्या बापाला द्यायच्या पैशाला ‘देज’ म्हणत, आणि मनुस्मृतीत आसुर विवाह म्हणजे हाच.

बाजाराबद्दल. १६०२ ते १७८७ आइसलँडवर डॅनिश व्यापाराची मक्तेदारी होती. ठरलेल्या व्यापाऱ्यांनाच विकायचं, त्यांच्याकडूनच घ्यायचं. ती गेल्यावरही शेतकऱ्याला भाव मिळायला बराच काळ लागला. १८८२ मध्ये उत्तरेकडच्या थिंगेइयार भागातल्या शेतकऱ्यांनी पहिला ‘काउपफिएलाग’ काढला, म्हणजे सहकारी संघ. वारणा-प्रवरा ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं. खेड्यापाड्यात दुकान, खाटीकखाना, लोकर सगळं संघाकडे.

आणि मग ‘काउपथिंग’. ‘थिंग’ म्हणजे सभा. सौद्यांची सभा, म्हणजे शेअर बाजार. त्या नावाची बँक ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. त्याच आठवड्यात देशातल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. इंग्लंडमधल्या हजारो ठेवीदारांना ‘काउप’ हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा कळला असावा.

पिंपळपान

पॉपकॉर्न संपले, म्हणून मीही थोडं लिहितो.

जर्मानिक नसलेल्या शेजाऱ्यांनी हा शब्द जर्मानिकांकडून उचलला. रशियन ‘कुपीत’, पोलिश ‘कुपिच’, चेक ‘कोउपित’: सगळे विकत घेणे. गॉथ लोक पूर्व युरोपात होते त्या काळात तो स्लाव्ह भाषांत शिरला असं मानतात. एस्टोनियनमध्ये ‘काउप’ म्हणजे माल. फिनिशमध्ये ‘काउप्पा’ म्हणजे दुकान किंवा व्यापार, आणि ‘काउपुंकी’ म्हणजे चक्क शहर. स्वीडिशने त्यातला ‘आउ’ कधीच सोडला, ‘अ्यो’वर गेली, पण फिनिशने जसा घेतला तसा जपून ठेवला. हेलसिंकीतल्या बंदराजवळच्या भाजी-मासळी चौकाला ‘काउप्पातोरी’ म्हणतात; दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन गुत्तेवाला उठून आला तर ‘श्योपा’ ऐकून गोंधळेल, पण ‘काउप्पा’ला ओ देईल.

नॉर्वेत लार्विकजवळ ‘काउपांग’ नावाची जागा आहे, नावाचाच अर्थ बाजारगाव. तिथे नवव्या शतकातलं व्हायकिंग शहर उकरून काढलंय. उत्तरेकडच्या ओत्तार नावाच्या माणसाने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या प्रवासाचं वर्णन सांगितलं, त्यात हे बंदर येतं. उत्खननात दिऱ्हम ही अरबी चांदीची नाणीही सापडली. म्हणजे नाव रोमन गुत्तेवाल्याचं आणि गल्ल्यात चांदी बगदादकडची.

रानजाई

इंग्रजीतला ‘माँगर’ याच जातीचा का? फिशमाँगर, आयर्नमाँगर वगैरे.

अटकमटक

जात तीच, शब्द वेगळा. तो लॅटिन ‘मांगो’वरून. मांगो म्हणजे गुलामांचा किंवा मालाचा असा व्यापारी जो विकण्याआधी त्याला रंगरंगोटी करून चकचकीत करतो. (हापूसशी संबंध नाही, तो मँगो पोर्तुगीजांमार्फत दक्षिण भारतातून गेला.) जुन्या इंग्रजीत हाही साधा व्यापारी झाला. मासे आणि लोखंड विकेपर्यंत ठीक होतं, पण नंतर ‘वॉरमाँगर’, ‘स्कँडलमाँगर’ असे शब्द तयार झाले आणि जुना वास परत आला. एन्नियसच्या पिऱ्हसला युद्धाचा ‘काउपो’ व्हायचं नव्हतं, इंग्रजांनी युद्धाचा ‘मांगो’ केला.

माल्मोकर

एक शेवटचं. स्वीडिशमध्ये ‘पो श्योपेत’ म्हणजे सौद्यावर वर मिळालेलं, फुकटात. भाजीवर कोथिंबीर. डचमध्ये ‘ओप दे कोप तू’, तेच. जर्मनमध्ये मात्र ‘इन काउफ नेमन’ म्हणजे नको असलेली गोष्टही सौद्याचा भाग म्हणून पदरात घेणे: नोकरी चांगली आहे पण दोन तासांचा प्रवास ‘इन काउफ’ घ्यावा लागतो. जुन्या बाजारात चांगल्या मालासोबत थोडा सडका माल गळ्यात मारायचे, त्यावरून आलं म्हणतात. बहीण म्युनिकला असते, तिला विचारलं. ती म्हणाली, तिथलं घरभाडं आणि नोव्हेंबर दोन्ही ‘इन काउफ’ घेतलेत.

तिरपागडा

कोथिंबिरीचा ‘को’ आणि ‘कोपन’चा ‘को’...

खडूस आजोबा

नाही.